इद्रिसचं दुखणं मी कसं सांगितलं

७८६
बुरैदा (सौदी अरेबिया), दि. २० ऑक्टोबर २०२३

ती. आपा हिस,
धाकट्या मुनाफचा सलाम, वि. वि.

तुझं पत्र नेहमी ये-जा करणाऱ्या शारीकने मुंबईहून येताना आणलं. सोबतचं कोकमाचं आगळ बॅगेत गळलं, त्यामुळे पत्राला अजून आंबट वास येतो. पण अक्षर शाबूत आहे. तू लिहितेस की हल्ली पत्रं कोण लिहितं, फोन कर. आपा, फोन केला की तुमच्याकडे तो स्पीकरवर जातो आणि शेजारच्या घरात शबनमला माझी खबर माझ्या आधी कळते. आजची खबर बायकोच्या कानावर इतक्यात जायला नको आहे. म्हणून शारीकच्याच हाती हे पत्र देतो.

खजुराचा हंगाम संपला. गोदाम छतापर्यंत भरलंय. मी वहीत पेट्या उतरवून घेतो आणि इद्रिस त्या लावतो, हे एकोणीस वर्षं चाललंय. इद्रिस तुला नावाने माहीत आहे. मागच्या सुट्टीत मी आणलेले सुक्करी खजूर त्यानेच निवडून भरले होते. सुदानचा, दारफुरकडचा. तिकडे लढाई पेटल्यापासून त्याची बायको आणि दोन मुली पोर्ट सुदानला नातेवाइकांकडे आहेत.

तर गोष्ट अशी. तीनेक महिने मला संडासला रक्त पडतंय. लिहायला लाज वाटते, पण तुझ्यापाशी कसली लाज. एकदा सहज इद्रिसजवळ बोललो, तर तो हसायला लागला. त्यालाही तेच, आणि माझ्याही आधीपासून, रमजानपासून. दोघे मग एकाच दिवशी दवाखान्यात गेलो. कंपनी एक, विम्याचं कार्ड एक, डॉक्टरही एकच. डॉक्टर आपल्याकडचा, हैदराबादचा. मला त्याने बरंच विचारलं, घरात कोणाला पोटाचं काही होतं का वगैरे. मी अब्बांचं सांगितलं. त्याने दुर्बिणीने आतडं तपासण्यासाठी मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी दिली. इद्रिसला मलम आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. बाहेर आल्यावर इद्रिस म्हणाला की तू साहेब, तुला साहेबांचा आजार, मला हमालाचा. आम्ही खूप हसलो.

आता एक सांग. अब्बा नेमके कशाने गेले? मी तेव्हा इथे नवा होतो, मला फक्त ‘पोटाचं’ एवढंच कळलं होतं. डॉक्टरने पुन्हा विचारलं तर काय सांगू?

भावजींना सलाम. शादाबला म्हणावं, मामूच्या मेसेजला नुसता अंगठा पाठवू नकोस, दोन शब्द लिही. तुझी माया आहेच, ती अशीच पोचत राहो.

तुझा,
मुनाफ

*

७८६
हर्णै, दि. ९ नोव्हेंबर २०२३

चि. मुनाफ यास,
आपाचे अनेक आशीर्वाद व दुआ, वि. वि.

तुझं पत्र वाचून मी ते दोनदा घडी घातलं आणि दोनदा उघडलं. पहिलं सांगते ते असं की तपासणी ताबडतोब करून घे. झाली नसेल तर हे पत्र बाजूला ठेव आणि आधी तारीख घे.

अब्बांना दोन वर्षं रक्त पडत होतं. ते मूळव्याध म्हणायचे, आम्हीही तेच म्हणायचो. दापोलीच्या वैद्याच्या पुड्या चालल्या होत्या. शेवटी मुंबईला नेलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी मोठ्या आतड्याचा कॅन्सर सांगितला. अम्मीने घरात हा शब्द उच्चारू दिला नाही, म्हणून तुझ्यापर्यंत नुसतं ‘पोटाचं’ एवढंच आलं. तेव्हा अब्बा अठ्ठावन्न वर्षांचे होते. तू आता त्रेपन्नचा आहेस.

दुसरं मला काही कळलं नाही, ते तू मला समजावून सांग. तुमचं दोघांचं दुखणं एक, इद्रिसचं जास्त जुनं, डॉक्टर एक, दिवस एक; मग चिठ्ठी एकालाच का? त्याच्या घरात कोणाला होतं का, हे त्याला विचारलं नाही का? तुम्ही हसलात ते ठीक आहे, पण मी इथे भाकऱ्या थापताना तेच घोळवत बसले आहे.

त्या दुर्बिणीच्या तपासणीचं सगळं नीट लिही. आदल्या दिवशी पोट साफ करायला काही प्यायला देतात म्हणे, ते सोसतं का? भूल देतात का? बायकांना बाई डॉक्टर असते का? आमच्या अफशाँला विचारलं असतं, पण ती अमेरिकेत हेच शिकतेय, एक विचारलं की दहा सांगते.

शबनमला मी काही बोलले नाही, पण तू फार दिवस लपवू नकोस. ती खुळी नाही.

जीवाला जप. इकडे सगळ्यांचा तुझ्यावर जीव आहे एवढं लक्षात असू दे.

तुझी,
आपा

*

७८६
बुरैदा, दि. ११ फेब्रुवारी २०२४

ती. आपा हिस,
मुनाफचा सलाम, वि. वि.

फोनवर तुला सगळं कळलंच आहे, तरी हाताने लिहिल्याशिवाय ते झाल्यासारखं वाटत नाही. अब्बांचं तेच मला निघालं. पण वेळेत. डिसेंबरच्या ऑपरेशनमध्ये वीतभर आतडं काढलं. दुसरी स्टेज म्हणाले, गाठ आतड्याच्या बाहेर गेलेली नव्हती. आता नुसती तपासणी करत राहायचं. शबनमला मी स्वतः सांगितलं. ती आधी रडली, मग दोन दिवस बोलली नाही, आणि आता रोज विचारते की सकाळी काय खाल्लं.

इस्पितळात अकरा दिवस इद्रिस माझ्यापाशी होता. ड्यूटी संपली की यायचा. मला न्हाणीघरापर्यंत धरून न्यायचा, माझे कपडे धुवायचा. नर्सला वाटलं तो कंपनीने नेमलेला माणूस आहे. मी म्हटलं मित्र आहे, तर तिने आमच्या दोघांकडे पाळीपाळीने पाहिलं.

तुझा प्रश्न मी त्याला विचारला. मला चिठ्ठी का आणि तुला का नाही? तो म्हणाला की तुझ्या वडिलांना होतं म्हणून. त्याचे वडील तो लहान असतानाच गेले, कशाने ते गावात कोणी विचारलं नाही. मी त्याला पुन्हा दवाखान्यात जायला लावलं. तो दोनदा एकटा जाऊन आला आणि दोन्ही वेळा तेच मलम घेऊन आला. त्याचा सदरा त्याला मोठा व्हायला लागलाय. तो म्हणतो की इंडियन मेसमधलं तिखट सोडलं की बरं वाटेल.

तपासणीचं विचारलंस. प्यायचं औषध खारट आणि भरपूर असतं, रात्र संडासात जाते. भूल देतात, काही कळत नाही. बाई डॉक्टर मागितली तर मिळते. पण तुला एवढं बारीकसारीक कशाला हवंय?

भावजींना सलाम. तुझ्या दुआ चालू राहू देत, त्यांचा उपयोग होतो.

मुनाफ

*

७८६
बुरैदा, दि. २१ जून २०२४

ती. आपा हिस,
मुनाफचा सलाम, वि. वि.

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहितोय. याचाच फोटो काढून अफशाँलाही पाठवतोय, कारण मला जे कळत नाही ते कदाचित तिला कळेल.

गेल्या महिन्यात इद्रिस पेट्या लावताना खाली बसला तो उठलाच नाही. मी गाडी बोलावून त्याला इस्पितळात नेलं. आतडं बंद झालं होतं. ऑपरेशन करून पोटावर पिशवी लावली. गाठ माझ्याच जागी, डाव्या बाजूला. पण त्याची यकृतापर्यंत पोचलेली आहे. डॉक्टरांनी आता वर्षांचं बोलणं सोडून महिन्यांचं सुरू केलंय. तो सत्तेचाळीस वर्षांचा आहे, आपा, माझ्याहून सहा वर्षांनी लहान.

आता जे लिहितो ते मी शबनमला सांगितलेलं नाही. त्या पहिल्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरला अरबी चार शब्दांपलीकडे येत नव्हती. इद्रिसला अरबी सोडून दुसरं येत नाही. मी मध्ये बसलो होतो. इद्रिस मला अरबीत सांगत होता आणि मी डॉक्टरला हिंदीत. आधी माझं झालं, मग त्याचं. त्याने मला पुष्कळ सांगितलं होतं, रक्त कसं, कधीपासून, भूक नाही, पाय गळतात. त्यातलं मी डॉक्टरला किती सांगितलं? ‘इसको भी वही है’ एवढंच म्हणालो, की सगळं सांगितलं? बाहेर रांग होती. मला माझ्या चिठ्ठीची भीती बसली होती. मी डोळे मिटून तो दिवस आठवतो. खुर्ची आठवते, डॉक्टरच्या टेबलावरची केळी आठवतात. माझं बोलणं आठवत नाही.

मागच्या आठवड्यात मी त्या डॉक्टरकडे गेलो. माणूस वाईट नाही. त्याने कॉम्प्युटर उघडून दाखवलं. त्या दिवसाच्या माझ्या नावापुढे चार ओळी आहेत, वडिलांचं, रक्ताचं, महिन्यांचं, सगळं. इद्रिसच्या नावापुढे एक ओळ, मूळव्याध आणि मलमाचं नाव. पुढच्या दोन्ही खेपांना तीच ओळ. मी विचारलं की याची एकच ओळ का? तो म्हणाला की पेशंट जे सांगतो ते मी लिहितो. मग कॉम्प्युटर बंद करता करता म्हणाला की सगळ्यांना सारखंच विचारतो, असं मला तरी वाटतं.

मी बाहेर येऊन उन्हात उभा राहिलो. मी एकच ओळ सांगितली म्हणून त्याने एक लिहिली, की मी सगळं सांगूनही त्याने एकच लिहिली? पुढच्या दोन वेळी तर मी नव्हतोच. पण पहिली ओळ चुकली नसती तर? हे कोणाला विचारायचं?

रोज संध्याकाळी त्याच्याकडे जातो. तो मला विचारतो की तुझी तपासणी कशी आली, आणि मला चांगली आली हे सांगायची चोरी होते.

तू तरी मला रागव.

मुनाफ

*

बाल्टिमोर, दि. ६ जुलै २०२४

ती. मामू यांना,
अफशाँचा सलाम, वि. वि.

तुम्ही हाताने लिहून फोटो पाठवलात, म्हणून मीही हातानेच लिहून फोटो पाठवतेय. दहावीनंतर मराठीत इतकं लिहिलेलं नाही. चुका झाल्या तर अम्मीला दाखवू नका.

मामू, मी दिवसभर जे करते ते हेच आहे. आतड्याच्या कॅन्सरचे हजारो पेशंट, कोण पाच वर्षं जगलं आणि कोण नाही, त्याचे तक्ते. या देशात काळ्या माणसांना हा आजार जास्त होतो आणि त्यातून मरण्याचं प्रमाण तर गोऱ्यांपेक्षा बरंच जास्त आहे. का, हे शोधायला लोक वर्षानुवर्षं बसलेत. तपासणी उशिरा होते, हे एक कारण. विमा नसतो, इस्पितळ लांब असतं. डॉक्टर पुढची तपासणी कमी वेळा लिहून देतात. ऑपरेशननंतरचं औषध सगळ्यांना मिळत नाही. प्रत्येक कारणातून थोडं थोडं उलगडतं आणि तरी काही शिल्लक राहतं. काही जण म्हणायचे की शरीरातच फरक असेल. पण जिथे सगळ्यांना एकाच वेळी एकसारखे उपचार मिळतात तिथे फरक खूपच कमी होतो, हे मी स्वतःच्या आकड्यांत पाहिलंय.

पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. बुरैदातल्या सुदानी हमालाची ओळ मला कुठल्या तक्त्यात सापडली नाही. तुमचीसुद्धा नाही. आमच्या फॉर्ममध्ये तुम्ही, चिनी आणि जपानी एकाच ‘एशियन’ चौकटीत बसता. आणि तक्ता हजार माणसांचं सांगतो. त्या एका खोलीत, त्या एका दिवशी, दोन खुर्च्यांवर बसलेल्या दोन माणसांचं काय झालं, हे त्याला सांगता येत नाही. डॉक्टर जाणूनबुजून करतात असं नाही. पुष्कळदा त्यांनाही माहीत नसतं. म्हणूनच ते पकडता येत नाही.

आतापर्यंत काळ्या पेशंटसाठी मी एक आकडा टाइप करत होते. काल त्या जागी मला अम्मीने फोनवर वाचून दाखवलेल्या तुमच्या आधीच्या पत्रातला इद्रिसचा मोठा होत चाललेला सदरा दिसला, आणि मी तासभर काम बंद केलं.

एक मात्र नक्की सांगते. नानांना होतं, तुम्हाला झालं, म्हणजे अम्मीची तपासणी व्हायलाच हवी. मी चार वेळा सांगितलं, ती विषय बदलते. तुमचं ऐकेल.

तुमच्या मायेची सवय आहे, ती मोडू नका.

तुमची,
अफशाँ

*

७८६
हर्णै, दि. २ ऑगस्ट २०२४

चि. मुनाफ यास,
आपाचे आशीर्वाद, वि. वि.

अफशाँचं पत्र तू पाठवलंस ते शादाबने मला वाचून दाखवलं. आकड्यांचं मला काही समजलं नाही, आणि जे समजलं त्याने डोकं जास्तच गोंधळलं. पोरगी अमेरिकेत बसून सगळं मोजतेय आणि शेवटी म्हणते की माहीत नाही. मग आपण काय करायचं?

तू मला रागवायला सांगितलंस. कशाबद्दल रागवू? तू सांगितलं नसशील तर तुझी चूक आहे, पण तीही घाबरलेल्या माणसाची. सांगितलं असशील तर चूक डॉक्टरची आहे, आणि तो म्हणतो मी सगळ्यांना सारखं विचारतो. मी कोणावर रागवायचं ते मला ठरवता येत नाही.

पण त्या खोलीत तिसरा माणूस होता. तू डॉक्टरला विचारलंस, अफशाँला विचारलंस, मला विचारलंस. त्याला नाही विचारलंस. तो जिवंत आहे तोवर विचार. त्याने शिव्या दिल्या तर घे.

माझ्या तपासणीचं पुन्हा काढू नकोस. गणपतीत गावाला मुंबईकर येतात, दुकानावर गर्दी असते, नंतर बघू.

तुझ्याकडे माझा जीव लागलेला आहे, पत्र लवकर येऊ दे.

आपा

*

७८६
बुरैदा, दि. २४ नोव्हेंबर २०२४

ती. आपा हिस,
मुनाफचा सलाम, वि. वि.

इद्रिस गेल्या जुम्म्याला गेला. पोर्ट सुदानला न्यायचं कोणाच्या हातात नव्हतं. बायकोने फोनवर इथेच दफन करायला परवानगी दिली. त्याला शेवटचं न्हाऊ घालून गुस्ल देणाऱ्यांत मी होतो. त्याच्या पोटावर माझ्यासारखाच टाक्यांचा व्रण होता, वरपासून खालपर्यंत. पाणी घालताना मला क्षणभर कळेना की मी कोणाचं पोट धुतोय.

तू सांगितल्याप्रमाणे मी विचारलं होतं. दोनेक महिने टाळलं आणि शेवटी गेल्या महिन्यात विचारलं. दुपारची वेळ होती, तो उशीला टेकून बसला होता. मी म्हटलं की त्या दिवशी मी डॉक्टरला तुझं सगळं सांगितलं की नाही, मला आठवत नाही. नसेल सांगितलं तर तुझं हे माझ्यामुळे आहे. एवढं बोलून मी खाली बघत बसलो.

त्याने हातातला पाण्याचा पेला बाजूला ठेवला. मग म्हणाला, “तू सगळं सांगितलंस. रक्त सांगितलंस, महिने सांगितलेस, भूकही सांगितलीस. तो लिहीत नव्हता.”

मी विचारलं की तुला कसं कळलं, तुला हिंदी कुठे येते. तो म्हणाला की वीस वर्षं तुमच्या मेसमध्ये जेवतोय, बोलत नाही म्हणजे कळत नाही असं नाही. आणि पहिला शब्द मी कोणता शिकलो ते तुला ठाऊक आहे.

मला ठाऊक होतं, आपा. सुरुवातीची दोन वर्षं आम्ही सगळे त्याला ‘कालू’ म्हणायचो. त्याच्यासमोर. त्याला कळत नाही असं धरून. तो वळून हसायचा आणि आम्हीही हसायचो. पुढे तो मित्र झाला आणि तो शब्द आपोआप सुटला. मी त्याची कधी माफी मागितली नव्हती. त्या दुपारी मागितली. त्याने हाताने उडवून लावलं आणि खिडकीचा पडदा ओढायला सांगितलं.

आता मी काय मानू? तो शब्द त्याला कळत होता, म्हणजे बाकीचंही कळत असणार. मग तो खरं बोलला, मी सांगितलं होतं आणि डॉक्टरला ते ऐकूच गेलं नाही, कारण सांगितलं ते कोणाचं होतं हे त्याने आधी पाहिलं. पण वीस वर्षांत मी त्याच्या तोंडून हिंदीचं एक वाक्य ऐकलेलं नाही. मग तो माझ्यासाठी खोटं बोलला का? मरणाऱ्या माणसाला माझं ओझं उतरवण्याची काय गरज होती? आणि तो खरं बोलला असं मानलं की मी सुटतो, म्हणून मला ते मानायचीही भीती वाटते.

त्याचा धाकटा भाऊ इथल्याच खमीस मुशैत शहरात बांधकामावर आहे. मयतीला आला होता, तसाच चेहरा. त्याला मी बजावून सांगितलंय की तुझीही तपासणी करायची. पुढच्या आठवड्यात रजा टाकून मी तिकडे जातोय, त्याच्याबरोबर बसायला. इस्पितळातला डॉक्टर अरबी बोलणारा आहे, दुभाष्याची गरज नाही. तरी जातोय.

तू अजून तपासणी केली नाहीस. आपा, मी आणखी एका माणसाला धुवू शकत नाही. एवढंच लिहितो.

मुनाफ

*

७८६
हर्णै, दि. १२ जानेवारी २०२५

चि. मुनाफ यास,
आपाचे अनेक आशीर्वाद व दुआ, वि. वि.

तुझं पत्र वाचलं त्या रात्री जेवण गेलं नाही. सकाळी उठून मी शादाबला गाडी काढायला सांगितली. आता खरं लिहिते. मला वर्षाहून जास्त दिवस रक्त पडत होतं. तुला मी ते बारीकसारीक प्रश्न विचारले, ते माझ्यासाठीच होते. कोणाला सांगितलं नाही. अब्बांसारखंच.

चिपळूणला मोठ्या दवाखान्यात गेलो. बाई डॉक्टर नव्हती, चांगला वयस्क माणूस होता. मी त्याच्या समोर, शादाब बाजूला. त्याने शादाबला विचारलं की आईंना कधीपासून त्रास आहे. शादाबला काय माहीत? तो म्हणाला, काही दिवस असेल. डॉक्टरने विचारलं, भूक कशी आहे. शादाब म्हणाला, बरी आहे. डॉक्टर लिहायला लागला. मी तिथेच बसले होते, मुनाफ, हातभर अंतरावर, नऊवारी नेसून, मराठी बोलणारी बाई. माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. मला वाटलं, हे असं असतं होय.

त्या घटकेला मला इद्रिस आठवला. मी त्याला कधी पाहिलेलं नाही. तो खुर्चीवर गप्प बसून सगळं ऐकत असेल, हे मला एकदम पटलं. मी म्हटलं, “डॉक्टर, पोट माझं आहे. मला विचारा.”

शादाब लाजला. डॉक्टरने पेन खाली ठेवलं, खुर्ची माझ्याकडे वळवली आणि पहिल्यापासून विचारायला लागला. मी अब्बांपासून सगळं सांगितलं. त्याला पान उलटावं लागलं.

तपासणी झाली. आतड्यात मांसाचे दोन कोंब निघाले, तिथल्या तिथे काढले आणि तपासायला मुंबईला पाठवले. काल रिपोर्ट आला. एक साधा होता. दुसरा बिघडायच्या बेताला आलेला होता, अजून बिघडला नव्हता. तीन वर्षांनी पुन्हा या म्हणाले. शबनम माझ्याबरोबर दवाखान्यात राहिली, चांगली सेवा केली तिने.

इद्रिस खरं बोलला की नाही, हे मला अजून सांगता येत नाही. मी बोलले तेव्हा माझ्याकडे वळला तो आपल्या भाषेतला, आपल्या जिल्ह्यातला माणूस होता. इद्रिस बोलला असता तर काय झालं असतं, हे कोणी कसं सांगावं? पण मला वाटतं की त्याला तिथे एकदा तरी बोलायला मिळायला हवं होतं, त्याच्या स्वतःच्या तोंडाने.

त्याच्या भावाचं काय झालं ते लिही. त्याचं नाव तू कळवलं नाहीस. नाव कळव, मी दुआ नाव घेऊन मागते.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून असलेली,
आपा